लाल पट्टा तसाच ठेवून केलेला मेकअप

परवा मामेबहिणीच्या साखरपुड्यात मावशीने माझी हनुवटी धरली, चेहरा खिडकीकडे फिरवला आणि म्हणाली, "काय गं, आज काहीच नाही लावलंस तोंडाला?" लावलं होतं. चांगला पाऊण तास लावत बसले होते. पण मी उलट खूशच झाले, कारण सात वर्षांपूर्वी हीच मावशी अशीच हनुवटी धरून म्हणाली होती, "अगं बाई, हे काय झालंय, नायटा आहे का?" आणि तेव्हा आजूबाजूला मुलीकडची चाळीस माणसं उभी होती.

नायटा नाही हो. इसब आहे. एक्झिमा म्हणा, डॉक्टरी भाषेत ॲटोपिक डर्मटायटिस म्हणा. नायटा बुरशीमुळे होतो आणि एकाचा दुसऱ्याला लागतो, इसब कुणाकडून कुणाला लागत नाही, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललेय की आता व्हिजिटिंग कार्डावर छापून घ्यावं म्हणते. माझा इसब लहानपणापासूनचा, आधी गुडघ्यामागे आणि कोपराच्या लवणीत असायचा, कॉलेज संपलं आणि साहेब सरळ चेहऱ्यावर राहायला आले. पापण्या, नाकाच्या दोन्ही बाजू, ओठांच्या कडा आणि डाव्या गालावर कानाकडून हनुवटीकडे जाणारा एक पट्टा, कुणीतरी कुंकवाचं बोट ओढल्यासारखा. थंडीत फुलतो, पावसाळ्यात निवतो, मार्चएंडला ऑफिसात कामाचा ढीग पडला की परत हजर.

तर सात वर्षांपूर्वीचं ते लग्न माझ्या सख्ख्या भावाचं, फेब्रुवारीत, कर्वे रोडच्या बाजूच्या एका कार्यालयात. मी करवली, म्हणजे हातात करादिवा आणि तोंडावर मेकअप, दोन्ही सक्तीचं. घरातल्या सगळ्या बायकांसाठी मिळून एक मेकअपवाली ठरवली होती, तिने पहाटे पाचला खोलीत बसवलं, आधी कापसाने टोनर फिरवला, तो इतका चरचरला की डोळ्यांत पाणी आलं, मी म्हटलं आग होतेय, तर म्हणाली, "म्हणजे काम करतंय ते." मग प्रायमर, मग फाउंडेशनचे दोन थर, पट्ट्यावर कन्सीलरचा तिसरा, वरून भरपूर पावडर आणि शेवटी कसलातरी फवारा. आरशात बघितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी फार सुंदर दिसत होते. साधारण वीस मिनिटं.

मंगलाष्टकं चालू होती तेव्हाच गाल ओढायला लागला. अक्षता पडेपर्यंत खाज. पंगतीत मठ्ठा-जिलबी आली तोवर नाकाच्या बाजूला आणि पूर्ण पट्ट्यावर पापुद्रे उभे राहिले होते. हे जवळून कसं दिसतं सांगते. कोरडी त्वचा सुटते ती कडेने सुटते, छोट्या छोट्या खवल्यांसारखी, आणि फाउंडेशन प्रत्येक खवल्याच्या कडेला जाऊन बसतं, म्हणजे नुसत्या चेहऱ्यावर जे जरासं लालसर दिसलं असतं ते आता बिस्किटी रंगाने गिरवून दाखवल्यासारखं दिसतं. त्यात पावडर. पावडरीचं कामच मुळी तेल शोषून घेणं, आणि माझ्या गालावर शोषायला तेलच नाही. ओल आलेल्या भिंतीचे पोपडे न खरवडता वरून ऑइल पेंट मारला की जी शोभा येते तीच. अल्बममध्ये आहेत फोटो, वहिनी अजून काढून दाखवते, प्रेमाने.

रात्री वाइप्सने खसाखसा पुसलं, सकाळी डोळे सुजलेले. मग पुढचा शहाणपणा म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन "चेहऱ्याला लाल झालंय, काहीतरी द्या" म्हटलं आणि त्यानेही एक ट्यूब काढून दिली. चार दिवसांत गाल लोण्यासारखा! मी तर त्या ट्यूबच्या प्रेमातच पडले, सहा-सात महिने रोज रात्री लावली, क्रीम लावतात तशी. बंद केली की दुप्पट लाल, परत लावली की गायब. त्यात होतं कडक स्टेरॉइड, सोबत रंग उजळवायची दोन औषधं. असली बरीच स्टेरॉइड मलमं २०१८ मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये घातलीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, पण आपल्याकडे कोण चिठ्ठी मागतं आणि कोण दाखवतं. शेवटी गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या तेव्हा स्किन डॉक्टरकडे गेले. स्टेरॉइड म्हणजे विष असं मला अजिबात म्हणायचं नाहीये हं, इसब भडकला की डॉक्टर मला आजही देतात, पण कुठल्या जागेवर किती ताकदीचं आणि किती दिवस हे त्या ठरवतात, मी नाही आणि मेडिकलवाला तर नाहीच.

त्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी केसपेपरच्या मागे एक चित्र काढलं. विटा आणि सिमेंट. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचं सिमेंट, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड वगैरे. माझ्यासारख्यांचं हे बांधकामच कच्चं, आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याच्या जनुकात बिघाड असला तर इसबाचा धोका वाढतो हे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. म्हणजे बघा, जन्मभर मला "रक्त अशुद्ध आहे", "पित्त आहे", "वांगी खाऊ नकोस" ऐकवण्यात आलं आणि निघालं काय तर बिल्डरने सिमेंटमध्ये वाळू जास्त घातली. आमच्याकडे बाबांना दमा, मला धुळीची सर्दी आणि इसब, भावाला काहीच नाही. हे तिन्ही आजार एकाच घरात सापडतात म्हणे, भाऊ मात्र सुटला, नेहमीसारखा.

हे चित्र डोक्यात बसलं आणि मेकअपकडे बघायची नजरच बदलली. तोवर माझा सगळा मेकअप त्या पट्ट्याभोवती फिरायचा, तो कसा झाकू, अजून जाड कन्सीलर आहे का, हिरवा करेक्टर लावू का. आता मी पट्ट्याला हातच लावत नाही. म्हणजे त्यावर मलम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन चिकटेल तितकं, बास. मेकअप करते तो बाकीच्या चेहऱ्याला, जिथली त्वचा धड आहे तिथे. भुवया नीट भरलेल्या, पापण्यांचे केस काळेभोर, ओठांना रंग, उजव्या-डाव्या गालाच्या वरच्या भागावर थोडी लाली, केस छान बांधलेले, कानात मोठे झुमके. समोरचा माणूस डोळ्यांकडे बघतो हो, आणि ओलसर मऊ पट्टा नुसता जरा गडद दिसतो, पोपडे आलेला पट्टा मात्र पलीकडच्या फुटपाथवरून दिसतो. बाय द वे, आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर इसब नेहमी लालभडक दिसतच नाही, कधी जांभळट, कधी तपकिरी, कधी राखाडी, नेटवरचे गोऱ्या गालांचे फोटो बघून "माझं तसं नाहीये" म्हणत मी दोन वर्षं घालवली होती.

आता पापण्यांची गोष्ट, ही सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चेहरा बराचसा ताब्यात आला तरी पापण्या मात्र दर पंधरा दिवसांनी सुजायच्या, सुरकुतल्यासारख्या आणि खाज इतकी की मीटिंगमध्ये पेनच्या टोपणाने खाजवलंय मी. काजळ बंद केलं. मस्कारा बंद. आयलायनर कचऱ्यात. शँपू बदलला. काही फरक नाही. डॉक्टरांकडे गेले तर त्या माझ्या डोळ्यांकडे न बघता म्हणाल्या, "हात दाखवा." मी तळहात दाखवले, म्हटलं भविष्य बघतायत की काय. "उलटे करा." नखांना ताजं मरून नेलपेंट. पापणीची त्वचा शरीरात सगळ्यात पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि आपण दिवसभरात किती वेळा डोळ्याला बोट लावतो ते मोजत नाही, नेलपेंटमधल्या रेझिनची, म्हणजे रंग नखाला चिकटवून ठेवणाऱ्या राळेची, ॲलर्जी बऱ्याचदा नखांपाशी दिसतच नाही, ती उमटते पापण्यांवर आणि मानेवर. कबूल आहे, माझा विश्वास बसला नव्हता.

मग ॲलर्जी कशाची ते शोधायची पॅच टेस्ट. ही घरची नाही, दवाखान्यातली. पाठीवर संशयित पदार्थ भरलेल्या छोट्या छोट्या डब्यांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तास ठेवतात, काढून बघतात आणि परत एक-दोन दिवसांनी बघतात. त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मी कधी केली? मे महिन्यात. पुण्यात. घाम येऊ द्यायचा नाही! दोन दिवस ऑफिसात एसीखालची जागा अडवून बसले आणि घरी पंख्याखाली पालथी. निकाल आला तो नेलपेंटच्या रेझिनचा, टोसिलामाइड फॉर्मल्डिहाइड रेझिन हे त्याचं संपूर्ण नाव, आणि सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाचा. नेलपेंट सोडलं, महिन्याभरात पापण्या जाग्यावर आल्या, आणि फेकून दिलेलं आयलायनर बिचारं निर्दोष निघालं.

तेव्हापासून मला डबीच्या मागचं वाचायचं व्यसन लागलंय. पुढचं वाचत नाही, पुढे सगळे कवीच असतात. "हायपोॲलर्जेनिक" हा शब्द अमेरिकेतसुद्धा कंपनी स्वतःच्या मर्जीने छापू शकते, तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-प्रसाधनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, त्याची व्याख्या ठरवलेली नाही. "अनसेंटेड" लिहिलेलं असलं तरी मूळ वास दाबायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं, आपल्याला हवं असतं ते "फ्रेग्रन्स फ्री", आणि यादीत परफ्यूम, पार्फम, फ्रेग्रन्स यातलं काही दिसलं की डबी परत कपाटात. लिमोनीन, लिनालूल ही नावंही वासाचीच. "नॅचरल" वर तर माझा विशेष राग आहे, लॅव्हेंडर तेल, टी ट्री तेल, संत्र्याच्या सालीचं तेल ही सगळी नैसर्गिकच आहेत आणि माझ्या गालाला त्याचं काही कौतुक नाही. खाजखुजली पण नैसर्गिकच असते.

अजून एक गंमत. सगळे ज्याला घाबरतात ते पॅराबेन, म्हणजे क्रीम नासू नये म्हणून घालतात ते प्रिझर्व्हेटिव्ह, त्याला अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१९ मध्ये चक्क "ॲलर्जी न करणारा" म्हणून वर्षाचा मान दिला. ही सोसायटी दरवर्षी एक ॲलर्जी करणारा पदार्थ निवडते, २०१३ मध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह निवडलं होतं, २०२३ मध्ये लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं ते स्निग्ध द्रव्य जे कितीतरी लिप बामांत असतं. म्हणजे "पॅराबेन फ्री" बघून आपण आनंदाने डबी उचलतो आणि आत त्याच्याऐवजी घातलेलं प्रिझर्व्हेटिव्हच जास्त त्रासदायक असू शकतं. माझी मैत्रीण हे ऐकून म्हणाली, तू आता पार्टीत नको येत जाऊस.

तुळशीबागेबद्दल लिहिलं नाही तर पुणेकर माफ करणार नाहीत. मी तुळशीबागेत वाढलेय, क्लिपा, बांगड्या, झुमके, ब्लाऊजचे गोंडे सगळं तिथूनच, पण चेहऱ्याला लावायचं काहीही आता तिथल्या पथारीवरून घेत नाही. ज्या डबीवर घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, ती साठ रुपयांची असो की सहाशेची, माझ्यासाठी बंद पाकीटच. आणि टिकली! टिकलीच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असलं तर काहींच्या कपाळावर त्या जागेचा रंगच जातो. माझ्या आत्याच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या मापाचा पांढरा ठिपका आहे, आणि तो झाकायला ती त्याच्यावर अजून मोठी टिकली लावते. मी सणावारी लावते, घरी आले की काढून आरशाला चिकटवते, इसब वर आला असेल तेव्हा अजिबात नाही. आजी मेण लावून वर कुंकू लावायची, तेही करून बघितलं, मेण ठीक, कुंकू खाजलं.

बरं, आता मी नक्की काय लावते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालचं मॉइश्चरायझर. तोंड धुतल्यावर टिपून, ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत. किती, तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून ओढलेली रेघ, म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम, एवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते. हे डॉक्टर मलमाचं माप म्हणून सांगतात, मी क्रीमलाही तेच वापरते, चेहऱ्याला एक पेर, मानेला एक. आधी मी वाटाण्याएवढं घ्यायचे आणि क्रीमच चांगलं नाही म्हणून बदलत बसायचे. मग थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही. दहा-पंधरा मिनिटं, तोवर डबा भरा, केस विंचरा. न थांबता वर काही लावलं तर कणकेच्या लाट्यांसारख्या गुठळ्या निघतात चेहऱ्यावरून, ते बघून परत चिडचिड, चिडचिडीने परत खाज.

त्यानंतर टिंटेड सनस्क्रीन, आणि हेच माझं फाउंडेशन. माझ्या डोळ्यांना आणि पट्ट्याला काही केमिकल सनस्क्रीन झोंबतात म्हणून मी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घेते, आता ते साधं घेतलं तर आपल्या रंगावर पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखं दिसतं, टिंटेडमध्ये आयर्न ऑक्साइडचे रंग असतात त्यामुळे तो पांढुरका थर दिसत नाही आणि शिवाय नुसत्या दिसणाऱ्या उजेडापासूनही जरा आडोसा होतो. सावळ्या त्वचेवर इसब गेल्यावर जे काळे डाग मागे राहतात ना, त्यांना या उजेडाचाही त्रास असतो, म्हणून मला हे दुहेरी कामाचं वाटतं. शेड बघायची ती मनगटावर नाही, जबड्यावर लावून आणि दुकानाच्या बाहेर येऊन. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानातून मी गालावर तीन रेघा घेऊन बाहेर फुटपाथवर उभी होते तेव्हा ऑफिसातले साहेब सहकुटुंब समोरून गेले. नमस्कार केला. काय करणार.

टेस्टर मात्र थेट चेहऱ्याला लावू नका, शेकडो बोटं बुडालेली असतात त्यात, आणि आपल्या इसबवाल्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू आधीच जरा जास्त ठाण मांडून असतात, त्यात परक्यांची भर नको. काडीवर, वरचा थर पुसून, एवढं तरी.

लावायचं बोटांनी, थोपटून. चोळायचं नाही. स्पंज मला आवडायचा पण ओला स्पंज पाऊचमध्ये कोंबून ठेवणं आणि दोन-दोन आठवडे न धुणं हे आपण सगळ्याच करतो, म्हणून तो बंदच केला. लालीसाठी क्रीम ब्लश, कारण तो त्वचेत मिसळतो, पावडर ब्लश माझ्या गालावर रांगोळीसारखा वर वर बसतो. चमचमणारं काही नाही, चमकी प्रत्येक पापुद्र्यावर जाऊन दिवा लावते. काही काही बायका पावडरीशिवाय राहूच शकत नाहीत, त्यांचं त्यांना लखलाभ, मी फक्त नाकाच्या शेंड्यावर चिमूटभर. आमच्या आजीची पिढी याला सरसकट "स्नो-पावडर" म्हणायची आणि मला वाटतं तिच्या कोरड्या हातांना त्या स्नोपेक्षा स्वयंपाक झाल्यावर हाताला राहिलेलं तूपच जास्त उपयोगी पडत असणार.

मस्कारा ट्यूबिंगवाला, जो कोमट पाण्याने नळ्या नळ्या होऊन निघतो, चोळावं लागत नाही. वॉटरप्रूफच्या वाटेला जात नाही, तो लावताना नाही, काढताना छळतो. तीन महिन्यांनी टाकून देते, जीव तुटतो पण देते. लिपस्टिकमध्ये मॅट लिक्विड मला अजिबात चालत नाही, ओठ उलतात आणि मग उललेले ओठ चाटायची सवय, आणि चाटल्याने ओठांभोवती लाल गोल. त्यापेक्षा जुन्या पद्धतीची कांडी, खाली साधी पेट्रोलियम जेली. दोन तासांनी पुसली जाते, परत लावायची. वास नसलेली लिपस्टिक शोधताना मात्र नाकी नऊ येतात, व्हॅनिला म्हणू नका, स्ट्रॉबेरी म्हणू नका, खायचीये का लावायचीये कळत नाही.

आता स्कार्फ. हा खास आपला पुण्याचा विषय आणि मला कुठल्याच मेकअपच्या व्हिडिओत याचं उत्तर मिळालं नाही. मी सिंहगड रोडला राहते, स्कूटरवर डेक्कनला येते, डोक्याला, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, वर हेल्मेट, आपण सगळ्याच दरोडेखोरांसारख्या. घरून मेकअप करून निघाले की ऑफिसात पोचेपर्यंत अर्धा स्कार्फला आणि उरलेला घामात. त्यापेक्षा वाईट म्हणजे माझा पट्टा बरोबर तिथेच आहे जिथे स्कार्फची गाठ आणि हेल्मेटचा पट्टा घासतो. हे मला कळायला किती वर्षं लागली विचारू नका. आता स्कार्फ फक्त मऊ सुती, सिंथेटिक सगळे देऊन टाकले, दोन-तीन आलटून पालटून, बिनवासाच्या पावडरीने धुवून दोनदा खळबळून काढलेले, आणि कम्फर्टरचा सुगंध बंद. घरून निघताना नुसतं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, मेकअप ऑफिसच्या वॉशरूममध्ये सात मिनिटांत. बेसिनपाशी आम्ही तिघी असतो रोज, ट्रॅफिकला शिव्या देत.

पाण्याचं पण सांगते, आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर, ते पाणी इतकं जड की बादलीला पांढरी किनार येते. अशा पाण्यात साबणाचा राप त्वचेवर राहतो आणि साबण स्वतःच अल्कधर्मी, पीएच नऊ-दहाच्या घरात, त्वचेचा पाचच्या आसपास. म्हणून चेहऱ्याला साबण नाही, सौम्य क्लेन्झर आणि तोही रात्रीच. मेकअप काढणं हे लावण्यापेक्षा हळू झालं पाहिजे. बिनवासाचं क्लेन्झिंग क्रीम किंवा पेट्रोलियम जेली बोटांनी फिरवायची, मिनिटभर मुरू द्यायची, मऊ ओल्या सुती फडक्याने टिपायची, मग कोमट पाणी. कडकडीत नाही. मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप पुसायचं ते बाटलीतलं पाणी, वापरलं तरी नंतर धुवायचं, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, कारण त्यात साफ करणारंच द्रव्य असतं आणि ते चेहऱ्यावर रात्रभर कशाला ठेवायचं. लग्नाहून रात्री अकराला आल्यावर याचा कंटाळा येतो, येतोच, तेव्हा मी त्या वाइप्सवाल्या रात्रीचा फोटो आठवते आणि उठते.

आणि काही दिवस मेकअप नाही म्हणजे नाही. भेग पडली असेल, पाणी येत असेल, पिवळट खपली धरली असेल तर मेकअप सोडा, डॉक्टर गाठा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे जिचा साखरपुडा झाला ती मामेबहीण. तिलाही इसब आहे, मानेवर आणि पापण्यांवर, आणि लग्न डिसेंबरात, म्हणजे पुण्यात जेव्हा नुसत्या थंडीनेच सगळ्यांचं अंग उलतं तेव्हा. हळदीवरून मामी आणि मी यांच्यात वाटाघाटी होऊन ठरलंय की हळद पायांना आणि हातांच्या पंजांना, चेहऱ्याला नावापुरता एक ठिपका आणि तोही लगेच पुसायचा. "आमच्या वेळी अंगभर लावायचे, काही होत नव्हतं," असं मामी म्हणाली, मग जरा थांबून म्हणाली, "खाजायचं खरं." मेकअपवाली नवीन आहे, तिला फोनवर सांगितलं की टोनर नाही, फवारा नाही, बेस आम्ही आमचा आणणार, तुम्ही डोळे आणि केस मनासारखे करा. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली की तिच्या बहिणीलाही असंच आहे.

ट्रायल पुढच्या रविवारी. तोवर घरची परीक्षा चालू आहे. नवीन गोष्ट एकदा लावून काही झालं नाही म्हणजे पास असं नसतं, ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही वर येते, म्हणून एकाच जागेवर दिवसातून दोनदा, किमान सात दिवस लावायचं. एरवी कोपराची लवण चालते, पण आम्हा दोघींची ती जागा आधीच इसबाने घेतलेली, म्हणून हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगटाच्या मध्ये. तिने दोन्ही हातांवर बॉलपेनने गोल काढून त्यात १ ते ५ आकडे घातलेत, टिंटेड सनस्क्रीन, ब्लश, लिपस्टिक, कन्सीलर आणि एक हौसेने आणलेलं महागडं प्रायमर. काल पाचवा दिवस. रात्री साडेअकराला फोटो आला, चार गोल स्वच्छ आणि पाचव्याभोवती बारीक बारीक पुळ्या. खाली लिहिलं होतं, "ताई, अडीच हजारांचं होतं गं."